श्रम आणि विद्या यांची सोयरीक : कर्मवीर भाऊराव पाटील

सन १९५९ हे वर्ष भिलाईकरांच्या स्मरणात कायमचे राहिलेले आहे. त्या वर्षी ४ फेब्रुवारी रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले आणि भातशेतीच्या या प्रदेशात लोखंडाचे नवे युग सुरू झाले. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात एका एकाहत्तर वर्षांच्या वृद्धाने देह ठेवला. अंगावर जाडीभरडी खादी आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी ही त्यांची ओळख होती. तारुण्यात त्यांनी खेडोपाडी हिंडून लोखंडी नांगर विकले होते. पुढे त्यांनी हजारो शेतकऱ्यांच्या मुलांच्या हाती कुदळ आणि पुस्तक ही दोन्ही एकाच वेळी दिली. त्यांचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. महाराष्ट्राने त्यांना कर्मवीर म्हणून ओळखले.

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे चरित्र सादर करण्यामागे केवळ पुण्यस्मरणाचा हेतू नाही. विद्यापीठाने विद्यार्थ्याला हाताने काम करावयास शिकवावे काय, आणि ज्या गावाच्या परिसरात ते उभे आहे त्या गावाशी त्याचे नाते कोणते असावे, हे प्रश्न आज पुन्हा नव्या आस्थेने विचारले जात आहेत. भाऊरावांनी त्यांची उत्तरे आपल्या आयुष्याने दिली आहेत. कारखान्याच्या सावलीत वाढलेल्या आणि मुलाबाळांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या आपल्यासारख्या समाजाने ती समजून घेण्याजोगी आहेत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीस असल्याने बदलीच्या निमित्ताने कुटुंबाला ठिकठिकाणी राहावे लागे. लहानपणापासून भाऊराव अंगापिंडाने दणकट, वृत्तीने बंडखोर आणि पुस्तकापेक्षा माणसांत रमणारे होते. पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले आणि राजाराम हायस्कुलात दाखल झाले. राहण्याची सोय जैन वसतिगृहात होती.

कोल्हापूर त्या काळी राजर्षी शाहू महाराजांच्या सामाजिक सुधारणांनी ढवळून निघाले होते. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी महाराजांनी वसतिगृहे उघडली होती. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, तेव्हा त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर शुद्धीचे स्नान करावयास त्यांनी साफ नकार दिला, आणि त्याबद्दल त्यांना आपल्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. शालेय शिक्षण मात्र मॅट्रिकच्या अलीकडेच संपले. एका छपराखाली सर्व जातींची मुले राहू शकत नाहीत, ही गोष्ट त्यांच्या मनात शल्यासारखी रुतून बसली. त्यांच्या पुढील सर्व कार्याचे बीज या एका प्रसंगात आहे, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

पुढील काही वर्षे मोठ्या चढउताराची गेली. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या आणि पाटील मास्तर म्हणून नाव मिळविले. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरातील गाजलेल्या डांबर प्रकरणात अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी त्यांच्यावर दडपण आले. त्यांनी तुरुंगवास सोसला, पण साक्ष दिली नाही. त्यानंतर त्यांनी विक्रेत्याचा व्यवसाय पत्करला. ओगले यांचे काचसामान आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर घेऊन ते दक्षिण महाराष्ट्रात गावोगाव हिंडू लागले. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांनी उभारलेल्या नांगराच्या कारखान्याशीही त्यांचा निकटचा संबंध होता.

हा काळ वरवर पाहता त्यांच्या शैक्षणिक कार्याशी संबंध नसलेला वाटतो. वस्तुतः भाऊरावांचे विद्यापीठ हेच होते. लाकडी नांगराला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेल्या शेतकऱ्याला लोखंडी फाळ घ्यावयास लावणे सोपे नव्हते. भूमी विटाळते, जमीन नापीक होते, अशा समजुती तेव्हा प्रचलित होत्या. विक्रेत्याने बांधावर उभे राहून नुसते बोलून काही होत नसे. त्याला स्वतः शेतात उतरून नांगर चालवून दाखवावा लागे. हाताने करून दाखविल्याखेरीज ज्ञान माणसाच्या गळी उतरत नाही, हा धडा भाऊराव तेथे शिकले. त्याचबरोबर त्यांनी घरोघरचे कर्ज, निरक्षरता आणि जातींच्या भिंती पाहिल्या. चांगले अवजार मिळूनही ज्याला सावकाराची चिठ्ठी वाचता येत नाही, त्याचे दैन्य संपत नाही, हेही त्यांना कळून चुकले.

सत्यशोधक समाजाच्या कार्याशी ते आधीच जोडले गेले होते. १९१९ साली कराडजवळील काले या गावी सत्यशोधक मंडळी जमली असता शिक्षणसंस्था काढण्याचा विचार पक्का झाला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. रयत म्हणजे कष्टकरी प्रजा. संस्थेच्या नावातच तिचा धनी कोण, हे सांगितले गेले. बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष निवडला गेला. त्याच्या पारंब्या जमिनीत शिरतात आणि नवे खोड बनतात.

१९२४ साली संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. ज्या तरुणाला एका जातीच्या वसतिगृहातून जावे लागले होते, त्याने आता असे घर उघडले की जेथे जात विचारली जात नव्हती. फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस १९३२ साली उघडले गेले.

साताऱ्याच्या या वसतिगृहात स्वयंपाकी, गडी, झाडूवाला असे वेगळे नोकर ठेवण्याइतका पैसा नव्हता. पण पैसा असता तरी भाऊरावांनी ते ठेवले नसते. मुलांनीच दळावे, भाकरी भाजाव्या, पाणी भरावे, अंगण झाडावे आणि शेतात खपावे असा तेथील दंडक होता. आपल्या समाजात कोणी काय काम करावयाचे हे जन्माने ठरत असे. लिहिणे एका हाताचे, नांगरणे दुसऱ्याचे आणि झाडणे तिसऱ्याचे. जेथे पाटलाचा मुलगा झाडतो, अस्पृश्य मानलेल्या घरातील मुलगा भाकरी वाढतो, आणि दोघे एकाच पंगतीस बसून नंतर एकाच कंदिलापाशी अभ्यास करतात, तेथे त्या उतरंडीला आपोआपच तडा जातो. भाऊरावांच्या श्रमशिक्षणाचा गाभा तो होता. काटकसर हा त्याचा एक लाभ होता, हेतू नव्हता.

या घराची माउली लक्ष्मीबाई पाटील. कर्मठ माहेरसासरच्या संस्कारांत वाढलेल्या या स्त्रीने परजातीच्या मुलांना पोटच्या पोरांप्रमाणे जेवू घातले. वसतिगृहात धान्य संपले की त्यांच्या अंगावरचा एकेक दागिना बाजारात जाई. एकदा भाऊराव परगावी असताना कोठीत दाणा उरला नाही, तेव्हा त्यांनी अखेरचे सौभाग्यलेणे असलेले मंगळसूत्रही मोडले, आणि मुले उपाशी निजली नाहीत. १९३० साली त्या अकाली निवर्तल्या. रयत शिक्षण संस्थेच्या पायाचा दगड शोधावयाचा तर तो या माउलीच्या त्यागातच सापडेल.

वसतिगृहांची संख्या वाढू लागली तसा खर्चही वाढला. भाऊरावांनी धनिकांपुढे हात पसरले, परंतु त्यांचा खरा भरवसा गावावर होता. गृहिणीने दळण्यास बसताना मूठभर धान्य संस्थेसाठी बाजूला काढावे, अशी मुष्टिफंडाची कल्पना त्यांनी रुजविली. ज्या बाईने उभ्या आयुष्यात शाळा पाहिली नव्हती, तिच्या ओंजळीतून शाळा उभी राहू लागली. मूठभर दाण्याची किंमत ती काय! पण ज्या घरातून ती मूठ जाई, ते घर त्या शाळेला आपली म्हणू लागे. मास्तर चुकला तर विचारणारे आणि भिंत पडली तर माती घेऊन धावणारे गाव त्या मुठीतून तयार झाले.

गावात शाळा काढावयाची तर शिक्षकही गावचाच हवा, हे ओळखून १९३५ साली साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय सुरू करण्यात आले. तेथून बाहेर पडलेल्या तरुणांच्या बळावर डोंगरकपारीतील वाड्यावस्त्यांवर प्राथमिक शाळा निघाल्या. देवळाची ओसरी, चावडी किंवा एखाद्याचा गोठा, जेथे जागा मिळेल तेथे त्या भरत. जागा आणि शिधा गावाने द्यावा व शिक्षक संस्थेने द्यावा, अशी ती वाटणी होती.

१९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. येथे कमवा आणि शिका या तत्त्वाला शाळेच्या व्यवस्थेतच स्थान मिळाले. मुलाने श्रम करावे आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात विनामूल्य शिक्षण व निवास मिळवावा. दान घेताना मान खाली जाते, मजुरी घेताना ती ताठ राहते, हे भाऊराव जाणून होते. गरीब मुलाला सवलत देणाऱ्या संस्था त्या काळीही होत्या. त्याला सवलतीच्या ओझ्यातून मुक्त करणारी संस्था दुर्मिळ होती.

तथापि खरी कसोटी महाविद्यालयात लागावयाची होती. शाळकरी पोराने कुदळ मारली तर कोणास वावगे वाटत नसे, परंतु पदवीचा विद्यार्थी म्हणजे अर्धा साहेब, अशी समजूत दृढ होती. महाविद्यालये पुण्यामुंबईस आणि मोठ्या शहरांत. तेथे जाऊन शिकलेला मुलगा खेड्यात परतला तरी पाहुण्यासारखा परते. त्याच्या पायाला चिखल लागत नसे आणि बापाच्या शेजारी उभे राहावयास तो ओशाळत असे. शिक्षणाने गावाचा एक माणूस वाढण्याऐवजी एक माणूस कमी होई. ही तूट भरून काढावयाची तर महाविद्यालयच रयतेच्या दारी आणले पाहिजे आणि त्यात श्रमाला मानाचे आसन दिले पाहिजे, असे भाऊरावांच्या मनाने घेतले. स्वातंत्र्याच्या वर्षी, जून १९४७ मध्ये, साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय उघडले.

या महाविद्यालयात तरुणांनी सकाळी व्याख्याने ऐकावी आणि उरलेल्या वेळात शेतावर, बांधकामावर वा खडी फोडण्याच्या कामावर जावे, अशी रीत पडली. शिक्षणाला अशा श्रमांची जोड दिल्याने अभ्यासाचे नुकसान होईल, असा आक्षेप घेतला गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. दिवसभर घाम गाळलेल्या मुलाला रात्री पुस्तकावर डुलकी लागणारच. श्रमाचे तास मर्यादेत ठेवावे, काम शिकण्याजोगे असावे आणि त्याचा हिशेब चोख असावा, एवढे पथ्य पाळले नाही तर अशी योजना स्वस्त मजुरांचा पुरवठा होऊन बसते. भाऊरावांची योजना त्या गर्तेत पडली नाही, याचे कारण ते आणि त्यांचे सहकारी स्वतः त्याच पंगतीला जेवत होते.

१९४८ साली संस्थेवर मोठे संकट आले. सरकारशी मतभेद होऊन तिचे अनुदान बंद झाले. शेकडो शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न उभा राहिला. परंतु ज्या गावांनी मुठीमुठीने संस्था वाढविली होती, ती गावे तिच्या पाठीशी उभी राहिली. शाळा चालू राहिल्या आणि लोकमताच्या रेट्यापुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. त्याच काळात गांधीजींच्या हत्येने व्यथित झालेल्या भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प सोडला होता. सरकारी मदतीचा दोर तुटला असताना असा संकल्प करणे हे वेडेपणाचे वाटेल. पण ज्याची मुळे लोकांत आहेत, त्याचा तो हिशेब वेगळा असतो.

१९५४ साली कराड येथे निघालेल्या महाविद्यालयास संत गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. हातात खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या सत्पुरुषाचे नाव उच्च शिक्षणाच्या मंदिरावर कोरले जावे, यात भाऊरावांचे सारे शिक्षणशास्त्र आले. पुढच्याच वर्षी साताऱ्यास आझाद अध्यापक महाविद्यालय सुरू झाले.

भाऊरावांच्या कार्याची तुलना अमेरिकेतील बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या कार्याशी केली जाते, ती यथार्थ आहे. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या निग्रो समाजासाठी वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून अलाबामा राज्यात टस्कीगी येथे शिक्षणसंस्था चालविली. तेथील विद्यार्थ्यांनी स्वतः विटा पाडल्या आणि स्वतःच्या इमारती बांधल्या. तेथील प्राध्यापक जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या प्रेरणेने १९०६ साली शेतीची अवजारे आणि बियाणे भरलेली एक गाडी शेतकऱ्यांच्या दारोदार फिरू लागली. विद्यापीठच चाकांवर बसून शेतावर गेले! साताऱ्याचा नांगरविक्या आणि अलाबामाचा हा शास्त्रज्ञ यांची भेट कधी झाली नाही, पण दोघांनी एकच वाट चोखाळली. ज्या समाजाचे श्रम शतकानुशतके तुच्छ लेखले गेले, त्याने विद्या मिळविताना श्रमाचाच तिरस्कार शिकू नये, ही दोन्हीकडची तळमळ होती.

१९५९ च्या आरंभी भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण किताब दिला, आणि एप्रिल महिन्यात पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. मॅट्रिकचा उंबरठाही न ओलांडलेल्या माणसाला विद्यापीठाने आपली सर्वोच्च पदवी द्यावी, हा त्यांच्या इतकाच विद्यापीठाचाही गौरव होता. त्यानंतर महिनाभरातच त्यांची प्राणज्योत मालवली. मागे ३८ वसतिगृहे, शंभराहून अधिक माध्यमिक शाळा, अध्यापक विद्यालये आणि तीन महाविद्यालये होती. स्वतःच्या नावे त्यांनी काही ठेवले नव्हते.

वटवृक्षाच्या पारंब्या पुढे दूरवर पोहोचल्या. भाऊरावांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. परत येऊन त्यांनी संस्थेच्याच महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले. १९६२ साली स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी कमवा आणि शिका योजनेस आश्रय दिला. आज महाराष्ट्रातील अनेक विद्यापीठांत ही योजना नांदत आहे. १९६९ साली गांधी शताब्दीच्या निमित्ताने ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि विद्यार्थ्याने गावात जाऊन राबावे, हा विचार देशभर पसरला. साताऱ्यातील महाविद्यालये एकत्र येऊन २०२१ साली कर्मवीरांच्याच नावाचे विद्यापीठही स्थापन झाले आहे.

तरीही योजना टिकली म्हणजे तिचा प्राण टिकला, असे होत नाही. कमवा आणि शिका म्हणजे ग्रंथालयात पुस्तके लावणे किंवा कार्यालयात कागद नोंदविणे, एवढाच अर्थ पुष्कळ ठिकाणी उरला आहे. त्यात गरजू मुलाला चार पैसे मिळतात, हे चांगलेच आहे. पण सधन घरचा मुलगा त्या रांगेत नसतो, आणि गावाशी तर त्या कामाचा संबंधच नसतो. सेवा योजनेचे शिबिरही आठवडाभराचे पाहुणपण होऊन बसते. विद्यार्थी गावात रस्ता करून येतात, परंतु गावकऱ्याकडून काही शिकून आलो, असे सांगणारे थोडे. भाऊरावांच्या व्यवस्थेत घेणे आणि देणे दोन्ही बाजूंनी होते. गाव मूठ देत होते, म्हणून गावाला विचारण्याचा अधिकार होता.

भिलाईत राहणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांना या चरित्रातून काय घ्यावयाचे? आपल्यापैकी कित्येकांचे वडीलधारे विदर्भातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून येथे आले ते हाताच्या कौशल्यावर. वेल्डर, फिटर, फोरमन, ड्राफ्ट्‌समन म्हणून त्यांनी भट्टीच्या धगीत दिवस काढले आणि त्या कमाईवर मुलांना शिकविले. मुले शिकली, अभियंते झाली, दूरदेशी गेली. याचा अभिमान बाळगावा तितका थोडाच. पण हे शिक्षण घेताना बापाच्या हातावरच्या घट्ट्यांची लाज मुलाला वाटली काय, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारून पाहावा.

दुसरी गोष्ट या भूमीची. हा कारखाना, हे सेक्टर आणि आपली घरे ज्या जमिनीवर उभी आहेत, ती एके काळी छत्तीसगढी शेतकऱ्यांची धानाची शेते होती. आज भिलाई-दुर्ग परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ आहे, आणि २०१६ पासून आय.आय.टी.ही आली आहे. या विद्यामंदिरांच्या कुंपणापलीकडे तीच गावे आहेत. तेथील तळ्याचे पाणी, धानाची साठवण, लोहाराची भट्टी, बांबूचे काम यांत विद्यार्थ्याने हात घातला, तर त्याची विद्या घासून लखलखीत होईल आणि गावाचीही सोय होईल.

आणि मुष्टिफंड तरी या मातीला परका कोठे आहे? पौष पौर्णिमेला छेरछेरा मागत मुलेबाळे दारोदार फिरतात आणि प्रत्येक घरातून त्यांच्या झोळीत मूठभर धान पडते. नव्या पिकातील वाटा सर्वांचा आहे, हे सांगणारा हा सण आणि साताऱ्याच्या गृहिणीची जात्यावरची मूठ यांचे गोत्र एकच आहे. आपल्या मंडळाने पुढील पन्नास वर्षांसाठी एखादा संकल्प करावयाचा असेल, तर तो याच मुठीचा करावा. आपल्या मुलांपैकी प्रत्येकाने शिकत असता वर्षातील काही दिवस जवळच्या एखाद्या गावात, तेथील माणसांच्या हाताखाली राबून काढावे, आणि त्या गावातील एकदोन मुलांच्या शिक्षणाचा भार मंडळाने मुठीमुठीने उचलावा. मराठी आणि छत्तीसगढी मुले एका पंगतीस बसून एका दिव्याखाली अभ्यास करताना दिसतील, त्या दिवशी साताऱ्याच्या त्या वटवृक्षाची एक पारंबी शिवनाथेच्या खोऱ्यातही रुजली, असे म्हणता येईल.